अकरा नंबरची कोल्ही

"घास ठेवला का पाठ फिरवायची, राही. मागं वळून बघायचं न्हाय. बघितलं तं खानारा लाजतो."

राहीबाईच्या सासूबाईंना, सीताबाईंना, जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी हा आवाज रोज सकाळी तिच्या कानाशी यायचा. अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे निरांजन, आणि मग तव्यावरची पहिली तांदळाची भाकरी. त्या भाकरीचा मोठासा तुकडा मोडून ती केळीच्या पानावर ठेवायची, वर जे कालवण असेल ते घालायची आणि घरामागच्या गोडाऊनला वळसा घालून खाडीच्या बांधावर जायची. तिथे एक चपटा काळा दगड होता. त्यावर पान ठेवायचं, हात जोडायचे, पाठ फिरवायची. मुक्या जिवाचा घास. तो दिल्याशिवाय तिच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. लग्न होऊन वळ गावात आली त्या वर्षापासूनचा हा नेम; यंदा चौतीस वर्षं झाली. बाळंतपणात सासूबाईंनी तिच्या वतीने केला, टायफॉइड झाला तेव्हा नवऱ्याने केला, पण चुकला नाही. आणि मागे वळून तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

एवढ्या वर्षांत बांधाच्या अलीकडचं सगळं बदललं. भाताची खाचरं गेली, निळ्या पत्र्यांची गोडाऊनं आली. त्यातलं एक राहीबाईच्याच जमिनीवर, एका कंपनीला भाड्याने दिलेलं. कुठल्या कुठल्या राज्यांचे ट्रेलर मागे सरकत दारापर्यंत यायचे आणि त्यांच्या नंबरपाट्या वाचत राहीबाई तुळशीला पाणी घालायची. बांधाच्या पलीकडे मात्र तिवरांचं, खारफुटीचं दाट रान होतं तसंच होतं, आणि त्यापलीकडे खाडी. आपला घास खातं कोण, असा प्रश्न तिला कधी पडलाच नाही असं नाही. कावळे खात असतील, कुत्री खात असतील. दुसऱ्या दिवशी पान रिकामं दिसायचं, तेवढं तिला पुरे होतं.

आणि मग मे महिन्यातल्या एका सोमवारी तिची सून मृणाली घरात शिरली ती जवळजवळ धावतच, एका पायातली चप्पल तशीच ठेवून.

मृणाली गोडाऊनचं ऑफिस सांभाळायची. माल किती आला, किती गेला, कुठली गाडी कुठल्या शटरला लावायची, सगळं तिच्याकडे. मागची तारेची जाळी एका जागी खालून उचकटलेली दिसली म्हणून ती सकाळपासून कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बघत बसली होती.

"आई! आई, कुठे आहात? तुमच्या घासाला कोण येतं बघा!"

राहीबाई ओट्याशी वरीचे तांदूळ धूत होती. मृणालीने मोबाईल पुढे केला तशी तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"नको गो बाय. मागं वळून बघायचं न्हाय."

"अहो, पण हे मागे कुठेय? हे समोर आहे. मोबाईलमध्ये!"

यावर सीताबाईंनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. राहीबाईने क्षणभर विचार केला आणि एक डोळा उघडला.

अकरा नंबरच्या कॅमेऱ्यातला बांध दिसत होता. कोपऱ्यात वेळ होती सहा एकेचाळीस. एक बाई दगडाशी वाकली, उठली, हात जोडले, वळली आणि कॅमेऱ्याच्या दिशेने चालू लागली. "आगो बय, ही मीच काय? एवढी पोक आलीय मला?" असं राहीबाई म्हणते न म्हणते, तोच त्या बाईच्या खांद्यामागे तिवराची फांदी हलली. आधी दोन कान आले. मग निमुळतं तोंड. मग सगळं अंगच बाहेर आलं, वाळलेल्या गवताच्या रंगाचं, पाठीवर करडं, लांब सडपातळ पायांचं, झुपकेदार शेपटी खाली सोडलेलं. ते जनावर दगडापाशी आलं. पाठमोऱ्या राहीबाईकडे त्याने एकदा मान वर करून पाहिलं, ती लांब जातेय ना याची खात्री केली, आणि शांतपणे घास उचलला.

राहीबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे. चौतीस वर्षं! चौतीस वर्षं आपल्या पाठीमागे, जरा जोरात हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, हे घडत होतं!

"कोल्हा आहे आई! खराखुरा! आपल्या वळमध्ये!"

"कोल्हा न्हाय. कोल्ही." राहीबाईचे आता दोन्ही डोळे उघडे होते. "पोटाखाली बघ तिच्या. दुधाची हाय. पिलं हायेत तिला."

मृणालीने तोंडावर हात ठेवला. तो तुकडा दोघींनी तीनदा पाहिला, चौथ्यांदा पाहिला, आणि गॅसवरची वरी तळाला लागली तेव्हाच भानावर आल्या.

त्या दिवसापासून राहीबाईच्या सकाळचं सगळं गणितच बदललं. नेम तोच, वेळ तीच. पण आता परतताना तिचे पाय घराकडे न वळता ऑफिसकडे वळत. मृणालीने पडद्यावर अकरा नंबर मोठा करून ठेवलेला असे. राहीबाई खुर्चीच्या कडेवर टेकायची, ओठांवर नामजप, आणि तिवराची फांदी हलली की जप तिथेच थांबायचा. "आली! आली गो!"

गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे चांगदेव, नात्याने चुलत दीर, सत्तरी उलटलेले आणि तोंडाचे मोकळे, तेही हळूहळू येऊ लागले. बुधवारी कोल्हीने भाकरीबरोबर सुका बोंबील एका झटक्यात गिळला. गुरुवारी राहीबाईचा उपवास, म्हणून पानावर साबुदाण्याची खिचडी. कोल्हीने ती हुंगली, नाक उडवलं, शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि परत एकदा कॅमेऱ्याच्या बाजूला अशी पाहून गेली की चांगदेव खुर्चीतून पडायचे राहिले.

"वहिनी, काय हे! बाळंतिणीला उपास घडवतंस! तिनं कवा नेम धरलाय गुरुवारचा?"

"भावजी, चावटपना पुरे."

"न्हाय, मी काय म्हंतो, संकष्टीला तिला चंद्र दिसंपर्यंत थांबवशील काय?"

मृणाली टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. राहीबाई वरवर रागावली. पण शुक्रवारी तिने बोंबलाचे दोन तुकडे जास्त घातले.

आणि रविवारी पिल्लं आली. तीन! आईच्या मागोमाग, एकमेकांवर आपटत, धडपडत. मांजरीएवढी, मातकट रंगाची, शेपट्या अजून पुरत्या फुललेल्या नाहीत. एकाने केळीचं पान तोंडात धरून ओढलं, दुसऱ्याने त्याची शेपटी धरली, तिसरं घाबरून आईच्या पोटाखाली शिरलं. राहीबाईने मृणालीचा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. घरात पहिलं नातवंड आलं तेव्हा अशी अवस्था झाली होती, त्यानंतर आजच.

इथेच तिच्याकडून चूक झाली. अगदी प्रेमापोटी झाली, म्हणून तिला ती चूक वाटलीही नाही.

चार तोंडांना एक घास कसा पुरणार, म्हणून तिने चार घास केले. मग पितळीत दूध. आणि दगडापाशी पिल्लं तिवराच्या सावलीत नीट दिसत नाहीत म्हणून सोमवारी तिने तो काळा दगडच उचलला. छातीशी धरून, धापा टाकत, पंधरा पावलं अलीकडे आणला, बांधाच्या उताराखाली, जाळीच्या अगदी जवळ. तिथे कॅमेऱ्यात मिशीचा केसन् केस दिसायचा! चांगदेवांनी तो व्हिडिओ मृणालीकडून मागून घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तो शेजारच्या दापोड्यात पोचला, संध्याकाळी मानकोलीत.

मंगळवारपासून माणसं येऊ लागली. पोरंटोरं, रील काढणारे, मोटारसायकलवरून तिघे-तिघे. ड्रायव्हर लोक जाळीतून बिस्किटं टाकू लागले, कुणी बिर्याणीतलं हाड. कोल्ही आता सकाळीच नव्हे, भर उन्हातही जाळीपाशी दिसू लागली. एकाने तर राहीबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मावशी, कोल्ह्याचं शिंग कुठं मिळंल काय? घरात ठेवलं का बरकत येते म्हंतात." राहीबाईला त्याच्या नजरेने कसंसंच झालं. ती घरात गेली आणि देवापुढे बसली. पण जपात मन लागेना.

बुधवारी स्कूटीवरून खाकी गणवेशातली एक तरुण बाई आली. धम्मदिना, वनखात्यात वनरक्षक, राहायला दापोड्यातच. व्हिडिओ फिरत फिरत तिच्या आईच्या मोबाईलवर आला होता. मृणालीने तिला ऑफिसात बसवलं, रेकॉर्डिंग लावलं. पिल्लं दिसली तशी धम्मदिनाचाही चेहरा उजळला. "तीन! तीनही जगलीत! मावशी, दोन वर्षं या पट्ट्यात फिरतेय मी. पायाचे ठसे दिसायचे, विष्ठा दिसायची, रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. पण पिल्लं अशी एकदाही दिसली नव्हती!"

राहीबाईचा जीव सुपाएवढा झाला. ती चहा ठेवायला उठणार तोच धम्मदिनाने पडद्यावर बोट टेकवलं.

"मावशी, हा दगड आधी इथे नव्हता ना?"

राहीबाई पुन्हा बसली.

"मी आनला. नीट दिसावं म्हून."

"हं." धम्मदिनाने खुर्ची पडद्याजवळ ओढली. सोमवारचं रेकॉर्डिंग तिने पुन्हा एकदा सावकाश पाहिलं. मग म्हणाली, "आधी ती तुम्ही वळेपर्यंत बाहेर येत नव्हती. आता तुम्ही पान ठेवता तेव्हा ती चार हातांवर उभी असते. ती तुम्हाला घाबरत नाही हे बघून तुम्हाला आनंद होतो. मला भीती वाटते."

"मी काय करनार हाय तिला?"

"तुम्ही नाही हो. पण माणसाच्या हाताला अन्न असतं हे तिला कळलं, की सगळीच माणसं तिला राहीबाई वाटणार. ती रस्त्यावर येणार, ट्रेलरखाली येणार. पिल्लं तेच शिकणार. बिस्किटांवर वाढलेलं पिल्लू पुढे खेकडा धरत नाही, उंदीर धरत नाही. इथली कुत्री अंगावर येतील, त्यांचे रोग लागतील. आणि एखाद्याने नुसतं 'पिसाळलंय' म्हणून ओरडलं, की काठ्या निघायला किती वेळ लागतो?" ती थांबली. "शिंगही विचारायला आलं असेल कुणीतरी."

राहीबाईने चमकून पाहिलं.

"कोल्ह्याला शिंग नसतंच, मावशी. पण त्यापायी कोल्हे मारले जातात. पकडलं तर तुरुंग आहे, पण पकडेपर्यंत जीव गेलेला असतो. घास बंद करावा लागेल. आणि दगड जिथे होता तिथे."

"दगड हलवते," राहीबाई पुटपुटली. "पन घास... माझा नेम हाय, मॅडम. चौतीस वर्षांचा. सासूला शब्द दिलेला."

तिला वाटलं, ही शिकलेली पोर आता हसणार. धम्मदिना हसली नाही. "मी तुमचा नेम मोडायला नाही आले. माझी आई उपोसथाला, आम्हा बौद्धांच्या उपवासाच्या दिवशी, दुपारनंतर काही खात नाही. मी कितीही डोकं आपटलं तरी खात नाही. मला कळतं. तुम्ही विचार करा. मी माणसं हटवायचं बघते."

तिने जाळीवर पाटी लावली, कंपनीच्या माणसांना बिस्किटं टाकू नका म्हणून समज दिली, राहीबाईकडे स्वतःचा नंबर ठेवला आणि गेली. राहीबाईने शब्द काही दिला नव्हता. "बघते" एवढंच म्हणाली होती. दगड मात्र तिने त्याच संध्याकाळी मागे नेऊन ठेवला.

रात्रभर तिने कूस बदलली. देवा, घास द्यावा तर त्या जिवाचं वाईट, न द्यावा तर दिलेला शब्द मोडला. कोणतं पाप मोठं? सकाळ झाली, भाकरी झाली, आणि तिचे पाय सवयीने बांधाकडे गेले. गुरुवारीही. शुक्रवारीही. आजच्या दिवस, असं ती रोज मनाला सांगत होती.

शनिवारी संध्याकाळी सव्वापाचला मृणालीचा फोन आला. "आई, लवकर या! एक पिल्लू आत आलंय!"

उचकटलेल्या जाळीखालून ते शिरलं होतं. भुकेने म्हणा, बिस्किटांच्या वासाने म्हणा, थेट गाड्या उभ्या राहतात त्या आवारात. आणि माणसांनी वेढल्यावर तीन नंबरच्या शटरला लागलेल्या ट्रेलरखाली घुसलं होतं. राहीबाई पोचली तेव्हा तिथे पन्नासेक जण होते. हमाल, ड्रायव्हर, बाहेरची पोरं. मोबाईल जमिनीलगत धरलेले. कुणी शिट्टी वाजवतंय, कुणी चाकाखाली काठी घालतंय. "निकल रहा है, निकल रहा है!" "अबे बोरी ला, पकड़ते हैं!" ट्रेलरचं इंजिन चालू होतं. मधूनच, त्या सगळ्या गोंधळाखालून, अगदी बारीक कण्हणं ऐकू येत होतं. आणि लांब, बांधावर, कोल्ही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदा तिने तोंड वर केलं आणि लांबलचक ओरडली.

मृणालीने धम्मदिनाला लावलेला फोन राहीबाईच्या हातात दिला.

"मावशी, मी मानकोली नाक्यावर अडकलेय, अर्धा तास तरी लागेल. नीट ऐका. कुणी हात लावायचा नाही, घाबरलेलं पिल्लू चावतं. गाडी बंद करा. माणसं हटवा, सगळी. शांतता करा, वाट मोकळी ठेवा. आई येईल. ती तिचं बघेल."

"माझं कोन ऐकनार गो?"

"ऐकतील. तुम्ही सांगा."

राहीबाईने आयुष्यात आवाज चढवला नव्हता. चढवायचं ठरवलं तरी तो चढत नसे. आरतीतही तिच्या शेजारच्या बाईलाच तिचा सूर ऐकू जायचा. गर्दीपुढे उभं राहून ओरडणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून ती पहिल्या माणसापाशी गेली, ट्रेलरच्या ड्रायव्हरपाशी, हात जोडले आणि काहीतरी म्हणाली.

"क्या अम्मा? सुनाई नहीं दिया।" ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

ट्रेलरची घरघर थांबली तशी चार माणसं आपोआप गप्प झाली.

"बच्चा है," राहीबाई म्हणाली. "उसकी माँ उधर खड़ी है। हम लोग हटेगा तो वो आएगी।"

ड्रायव्हरने बांधाकडे पाहिलं. कोल्ही त्याला आत्ता पहिल्यांदा दिसली. "मेरी गाड़ी छह बजे निकलनी है, अम्मा," तो म्हणाला, आणि मग स्वतःच, "चलो, निकल जाएगी बाद में।"

राहीबाई दुसऱ्याकडे गेली. तिसऱ्याकडे. प्रत्येकापुढे हात जोडत, प्रत्येकाला तेच सांगत, कुणाला मराठीत, कुणाला तिच्या मोडक्या हिंदीत. काय म्हणते ते ऐकायला माणसं वाकत होती, शेजारच्याला "श्श!" करत होती. काठीवाल्या पोराचा हात तिने नुसता धरला. त्याने काठी खाली ठेवली. पोतं घेऊन आलेल्याला चांगदेवांनी सांभाळलं. "दे इकडं ते. तुझ्या आयेला असं पोत्यात घालतंस काय?"

"पर देखेंगे कहाँ से?" कुणीतरी विचारलं. सगळे आलेच होते बघायला!

"ऑफिसात!" मृणाली म्हणाली. "सगळे ऑफिसात चला. बारा नंबरचा कॅमेरा बरोब्बर इथेच आहे!"

दहा बाय बाराच्या ऑफिसात तीस माणसं मावतात हे त्या दिवशी कळलं. बाकीची शटरच्या आत, अंधारात उकिडवी बसली. शटर खाली ओढलं. पंखा बंद. कुणाच्या तरी घामाचा, कुणाच्या तरी तंबाखूचा वास, आणि सगळ्यांचे डोळे एका पडद्यावर. डावीकडे अकरा नंबर, उजवीकडे बारा.

पाच मिनिटं काही नाही. आवारात एक कागद उडत गेला.

"आली," राहीबाई म्हणाली.

कोल्ही बांध उतरली. जाळीपाशी थांबली. एक पाय उचललेला, कान पुढे. बाहेरच्या रस्त्यावर कुठेतरी हॉर्न वाजला आणि ती क्षणात दिसेनाशी झाली. ऑफिसात तीस जणांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी हॉर्नवाल्याला हळू आवाजात शिवी दिली, आणि राहीबाई समोर असल्याचं लक्षात येऊन जीभ चावली.

पुन्हा आली. जाळीखालून सरपटत आत. आता ती बारा नंबरमध्ये होती. सिमेंटच्या त्या मोकळ्या आवारात ती किती लहान दिसत होती! चाळीस फुटी ट्रेलर, डोंगराएवढी चाकं, आणि मधून चाललेला तो चार पायांचा जीव, पोट जमिनीला लागेल इतका वाकून. दोनदा थांबली. शटरकडे पाहिलं, सरळ शटरकडे, ज्याच्या आत सगळी माणसं श्वास रोखून बसली होती. राहीबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ये बाय. ये. कुनी काय करत न्हाय.

चाकाआडून आधी एक नाक आलं. मग पिल्लू असं सुटलं की आईच्या तोंडावरच आदळलं! तिने त्याला एकदा चाटलं, मानेला धरून उचललं, आणि मग वाकणं नाही, थांबणं नाही, सरळ जाळीपर्यंत धाव. पिल्लाला आधी खालून ढकललं, मग आपण. अकरा नंबरमध्ये बांधावर दोन सावल्या चढताना दिसल्या, आणि तिवराची फांदी हलून स्थिर झाली.

कुणाला ओरडायची हिंमत होईना. एका हमालाने आवाज न करता टाळ्या वाजवल्या, हात न आपटता, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच, आणि ती मुकी टाळी बघून मृणाली आधी हसली आणि मग रडली. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, मैं घर पे बताऊँगा तो कोई मानेगा नहीं।" चांगदेव नाक शिंकरत होते आणि धूळ फार झालीय म्हणत होते.

धम्मदिना पोचली तेव्हा पावणेसहा झाले होते. तिने रेकॉर्डिंग उभ्यानेच पाहिलं, हेल्मेट तसंच काखेत. "असं बघायचं," ती सगळ्यांना म्हणाली. "रोज बघा, पोटभर बघा. पण इथून. तिला कळता कामा नये की कुणी बघतंय." मग ती आणि चांगदेव जाळी कशी शिवायची ते बघायला बाहेर निघाली.

राहीबाई तिच्या मागोमाग गेली. जाळीच्या त्या उचकटलेल्या तोंडाशी करड्या केसांचा पुंजका अडकला होता. तो बघून तिच्या मनातलं तीन दिवसांचं सगळं एकदम निवळलं.

"बाय," ती म्हणाली. मॅडम म्हणाली नाही. "हे माझ्यामुळं झालं. मीच तिला जवळ आनली. मला नजरेचं सुख पायजे होतं. तुला शब्द देते. उद्यापासून बांधावर घास न्हाय."

धम्मदिनाने तिचा हात हातात घेतला. "आणि तुमचा नेम?"

"ते माझं मी बघीन. उपाशी राहीन पन..."

"उपाशी कशाला राहतंस?" जाळीची तार पिळता पिळता चांगदेव म्हणाले. "माझी म्हस हाय ना! ती बी मुकी हाय. घरात आम्ही दोघंच, त्यात बोलनारा मी एकटा. तिला दे रोज. तुझा नेम बी चालंल, तिचं पोट बी."

"म्हशीला बोंबील देऊ काय, भावजी?"

"बोंबील मला दे!"

धम्मदिना इतकी हसली की बांधापलीकडे तिवरांतून दोन बगळे उडाले.

"एक सांगते, मावशी," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "पहिले काही दिवस ती येईल. वाट बघेल. ते बघवणार नाही तुम्हाला. पण तेव्हाच टिकायचंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. अंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं, निरांजन लागलं. पहिल्या भाकरीचा तुकडा राहीबाईने पानावर ठेवला, त्यावर बोंबलाऐवजी गुळाचा खडा. मृणाली अजून उठली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन गोडाऊनांच्या फटीमधून बांधाचा एक तुकडा दिसायचा. राहीबाईने पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं.

कोल्ही दगडाशी बसली होती. कान उभे, तोंड घराकडे. तिच्यामागे तिवरांत काहीतरी हललं, एक, दोन, आणि तिसरंही. तिन्ही होती!

राहीबाईचा हात मागच्या दाराच्या कडीवर गेला. तिथे तो थोडा वेळ राहिला. तव्यावरची दुसरी भाकरी फुगली, तिचा वास सुटला. राहीबाईने हात काढून घेतला, गॅस बंद केला, पानावर पदर ओढला. पुढच्या दाराची कडी कुणाला जाग येऊ नये अशी हलकेच सरकवली आणि उभ्या ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, चांगदेवांच्या गोठ्याकडे, चालू लागली.